पोटभर जेवून गेली

—न्हाय न्हाय, त्यो क्यामेरा आदी खाली ठेवा पावणं. बंद हाय न्हवं? तांबडा दिवा बघू... हां. आता बसा. तसं न्हाय ओ, तुमी पुण्यासनं एवढ्या लांब आलाय, मी काय तुमाला दारातनं परत लावणार न्हाय. आईला भेटवतो की. तिचे हात घ्या, तोंड घ्या, जात्यावरच्या दोन ओव्या म्हणती त्या घ्या, दादा लहानपणी कसा हुता ते इचारा, सांगती लई हौसेनं. पण कादंबरीचा त्यो शेवट तिच्यासमोर काढायचा न्हाय. विष ह्यो शब्द त्या पडद्याच्या आत जाता कामा न्हाय. काय इचारायचं ते हितं मला इचारा, हितंच संपवा, मग आत जाऊ. कबूल हाय? मान हलवू नका नुसती, व्हय म्हणा. ...झालं तर.

ऐकू जातंय का तिला? न्हाय जात. टीव्हीचा आवाज मीच वाढवून आलोय. दुपारची मालिका लागलीया, तिचा येळ हाय ह्यो. आईचं डोळं गेलं दोन्ही, उजेड हाय का अंधार एवढंच कळतं, पण कान लई तिखट— गल्लीत कुणाची गाडी आली ते आवाजावरनं सांगती. मालिका नुसती ऐकती आन् मधनंच त्या सासूला शिव्या घालती. ऐका, चाललंय बघा. आन् मी मोठ्यानं बोलतोय ते मनावर घेऊ नका. निम्मी हयात मोटारी वाइंडिंग करण्यात गेली, ह्या दुकानात दोन मोटारी टेस्टिंगला लागल्या की वरडल्याशिवाय बोलणंच कळत न्हाय, ती सवय आता घरात पण जात न्हाय. आज सोमवार, दुकान बंद, म्हणून तर तुमाला आजचा दिस दिला. चहा घ्या. फ्यान वाढवू? ऱ्हाऊ दे? बरं.

तर मी ज्ञानू. तुमच्या उदयसिंह साहेबांचा धाकटा भाऊ. कादंबरीत शोधू नका, सापडणार न्हाय. त्यात त्या बाईला एकच पोरगा हाय, हुशार, हळवा, खिडकीत बसून सगळं बघणारा— म्हंजे दादा सोताच. मला काढून टाकलंय. संपादक माणूस न्हवं, जादा वाटला की काढला! त्याचा राग न्हाय मला. खरंच न्हाय. राग येगळा हाय.

तुमाला फिल्मसाठी त्याचं सगळं आयुष्य पायजे न्हवं? ऐका मग. आमी मूळचं नेसरीचं. आण्णा, म्हंजे आमचं वडील, दूध संस्थेचं चेरमन, गावात शब्दाला वजन. गोठा म्हशींनी भरलेला, पण दादानं कवा एका म्हशीच्या पाठीवर हात फिरवला न्हाय. दुकानातनं साखर बांधून यायची त्यो कागद सुदीक वाचायचा, आन् कागद फाटका असला की पुढचं मनानं रचून मला सांगायचा. मी तोंड उघडं टाकून ऐकायचो. म्हणायचा, ज्ञान्या, मी सांगितला त्योच शेवट खरा. कॉलेजला म्हणून कोल्हापुरात आला त्यो परत काय गेला न्हाय, हितं शाहूपुरीतच त्यानं 'आडसाल' काढलं. आडसाल म्हंजे दीड वरसानं तुटणारा ऊस. नाव लई शोभलं बघा, कारण त्याचा दिवाळी अंक कवा दिवाळीत आलाच न्हाय, तुळशीची लग्नं लागल्यावर यायचा. पण लोकं वाट बघायची हं! ऑफिस माझ्याच दुकानाच्या वर, त्यो जिना दिसतोय न्हवं, तितनं. ह्या जिन्यानं मोठमोठी माणसं चढल्यात, आन् काही रडत उतरल्यात. व्हय तर! त्याची रीतच तशी. कुणी कथा घिऊन आलं की कागद हातात घ्यायचाच न्हाय. ठेवा बाजूला म्हणायचा, तोंडानं सांगा. समोरचा सांगाय लागला की ह्यो नुसतं म्हणायचा— मग? एवढंच. थोडं थांबून परत— मग? माणूस त्या 'मग'ला इरघळायचा ओ. लिवलेलं सोडून घरातलं, पोटातलं, बायकोला न सांगितलेलं सगळं सांगून मोकळा व्हायचा, आन् मग दादा म्हणायचा, हां, आता हे लिवा.

आन् शेवट मातर त्याचाच. शेवट बोचला पायजे, हे त्याचं ठरलेलं वाक्य. गगनबावड्याकडचा एक मास्तर हुता, गरीब माणूस, त्यानं बापावर कथा लिवलती— बाप पावसात हरवतो आन् अंधार पडल्यावर गुरं घिऊन घरी येतो, एवढीच. दादानं त्या बापाला घाटात मारला. अंक निघाला आन् मास्तर हितं ह्या स्टुलावर बसून रडला, म्हणाला, माझा बाप जिता हाय ओ, पावणं-रावळं सांत्वनाला याय लागल्यात! पण वरसानं त्याच कथेला बक्षीस मिळालं, तर त्योच मास्तर पेढं घिऊन जिना चढला. मी लई हसलो तवा. काय डोकं हाय आपल्या भावाला, म्हणालो. हसलो ओ मी. आता त्या मास्तराचा बाप कसा फिरला असंल गावातनं, ते कळतंय.

पुढं काय, सगळ्यांच्या हातात फोन आलं. जाहिराती आटल्या, लिवणारं म्हातारं झालं, एका दिवाळीला अंक निघालाच न्हाय आन् कुणी इचारलं पण न्हाय, का निघाला न्हाय म्हणून. ते त्याला लागलं. वर एकटाच बसून ऱ्हायचा, म्हणायचा, ज्ञान्या, दुसऱ्याच्या गोष्टी दुरुस्त करण्यात जलम गेला, सोताच्या नावावर एक पान न्हाय. मला वाईट वाटायचं. आन् मीच म्हणालो त्याला— दादा, तू सोता लिव की आता. आईशप्पत, मीच म्हणालो! लिवाय बसला तर वर चहा मीच नेऊन द्यायचो, खाली मोटार लावायची झाली तर आदी वर हाक मारून इचारायचो, दादा, आवाज हुईल, चालंल का. साठीत पयली कादंबरी लिवली माणसानं. 'दहीबुत्ती', म्हंजे आपला दहीभात. हितं बक्षीस, तितं बक्षीस, आता हिंदीत बी निघणार म्हणं. आन् मी चहा देत हुतो.

तुमी वाचलीया न्हवं? मग काय हाय त्यात? ऱ्हाऊ दे, मीच सांगतो. गावातली पोरगी परजातीच्या पोराबरोबर जाती, बाप म्हणतो ती मेली, आन् आई लेकीला देवळामागं चोरून भेटती. मग नवऱ्याला ते कळतं, आन् त्याच्या सांगण्यावरनं ती आई दहीबुत्तीत विष कालवती आन् सोताच्या हातानं लेकीला भरवती. शेवटच्या पानावर लेक म्हणती, आई, अजून एक घास. ...व्हय, भारी हाय. रडू आलं तुमाला? सगळ्यांनाच येतंय. माझं अंग जळलं. कारण बक्षीस घेताना स्टेजवर उभा ऱ्हाऊन त्यो काय बोलला म्हाईत हाय? 'ही माझ्या आईची गोष्ट आहे. यात कल्पित काही नाही.' आन् आई पयल्या रांगेत बसलीया, नवं लुगडं नेसून! तिला कळलं ते एवढंच, की उदानं आपल्यावर पुस्तक लिवलं. टाळ्या पडल्या तसं तिनं हात जोडलं. मग शाल घातली तिला, बायका भेटाय आल्या. एकीच्या कडंवर बारकं पोर हुतं, ते काय तर बोबडं बोललं, तर आईनं आवाजावरनं हात पुढं केला, गालावर फिरवाय. आन् त्या बाईनं पोर मागं ओढलं. असं, झटक्यानं. मी बघितलं पावणं. आईचा हात तसाच ऱ्हायला वर. मला म्हणती, ज्ञानू, पोर लाजलं वाटतं.

ती शाल अजून उशाला हाय तिच्या.

आन् घरी आल्यापासनं एकच धोशा— वाच की रं, उदानं काय लिवलंय माझ्यावर ते वाच की. किती दिस टाळणार? शाळेत पुस्तक बघितलं की माझं डोकं दुखायचं, पण आता रोज वाचतो. मालिका संपली की मी आत जातो, पुस्तक उघडतो. देवळाचं वाचतो, डोंगराचं वाचतो, ते चांगलंच लिवलंय त्यानं, खोटं कशाला बोलू. आन् ती पानं जवळ आली की पुस्तक तसंच डोळ्यासमोर धरतो आन् तोंडानं माझं सांगतो— नवऱ्याला काय कळलं न्हाय, लेक पोटभर जेवली, हात धुतला, आईच्या पदराला पुसला आन् यष्टीत बसून आपल्या घरी गेली. संपलं. आई म्हणती, अस्संच झालतं बघ! उदा कुठं हुता रं तवा, त्याला कसं कळलं? मी म्हणतो, लेखक हाय त्यो, त्याला कळतंय. मग म्हणती, परत पयल्यापासनं वाच.

खरं काय? हेच खरं! मी वाचून दाखवतो तेच. बरं, नीट सांगतो. क्रांतीआक्का, आमची थोरली भन. संकेश्वरचा सोमशेखर हुता, लिंगायताचा पोरगा, आमच्या विहिरीवर मोटारीची कामं कराय यायचा. ह्यो धंदा मला त्यानंच शिकवला पुढं, देवमाणूस. त्याच्याबरोबर गेली आक्का. आण्णांनी काय करावं? जित्या लेकीचं तेरावं घातलं. गाव जेवलं. आन् सैपाक कुणी केला? आईनं. पण पुढं एक दिस म्हणाली, मी काळभैरीला नवस बोललीया, दर म्हैन्याला गडहिंग्लजला जाऊन येणार. देवाचं म्हटल्यावर आण्णा काय बोलणार? नवस कसला आन् काय ओ! देवळाच्या मागं झाडाखाली आक्का संकेश्वरासनं येऊन बसलेली असायची. मी राखणीला. आई तिला जेवाय घालायची— दहीबुत्ती, वरनं मोहरी-मिरचीची फोडणी, लसणाची चटणी. आक्का चेष्टेनं तिला अव्वा म्हणायची, कानडी झाल्यागत, आन् आई तिला चापट मारायची आन् रडायची. मला आईनं शपथ घातलती, जोतिबाचा गुलाल हातावर ठिवून, कुणाला बोलायचं न्हाय म्हणून. न्हाय बोललो. मग आक्का गेली. तापानं. आईला शेवटची भेटली त्याच्यानंतर म्हैन्याभरानं, ताप डोक्यात गेला. हेच आईला म्हाईत हाय आन् तुमी बी हेच धरून चला. तिला एकच समाधान हाय बघा, ह्या वयात, डोळं न्हाईत, नवरा न्हाय— शेवटची आली तवा माझ्या हातचं पोटभर जेवून गेली. हे ती रोज म्हणती. मालिका ऐकता ऐकता मधनंच म्हणती. त्या एका जेवणावर जगलीया ती.

वर काय बघताय? माझ्याकडं बघा की, तुमच्यासाठीच घसा फोडतोय. ...उकडाय लागलं पण आज.

मग दादानं विष कुठनं आणलं म्हणताय? कुठनं म्हंजे, डोक्यातनं! लेखक हाय त्यो. ...न्हाय पटत? हे बघा, असं गप बसून माझ्या तोंडाकडं बघू नका. तुमी बी त्याच्याच तालमीतलं दिसताय. तोंडानं 'मग' म्हणत न्हाय एवढंच.

सांगतो. पण हे फिल्ममधी न्हाय, कुठंच न्हाय. सांगतो ते एवढ्यासाठी की आत गेल्यावर तुमच्या तोंडातनं चुकून पण काय निघू नये. ...काय? थांबा ओ, मधी बोलू नका. आता निघालंय तर निघू दे. त्या दिवशी आण्णा रानात गेलंच न्हाईत, पडवीत बसून. नेहमीचा ष्टीलचा डबा त्यांच्या डोक्यावरच्या फळीला. तिथनं काढला असता तर इचारलं असतं, देवाला जाताना डबा कशाला. म्हणून आईनं माळ्यावरचा जुना पितळी डबा काढला, अंधारात चाचपून. त्याची कल्हई गेलेली. आतनं नुसतं पितळ. कुठल्या बाईला कळत न्हाय ओ, बिनकल्हईच्या पितळंत दही ठिवू नये म्हणून? आईला कळत न्हवतं? पण घाई, अंधार, वर आण्णांची भीती. आन् वैशाखाचं ऊन, त्यात यष्टी वाटेत बंद पडली. कळकलं सगळं, पितळ दह्यात उतरलं. आईला उपास, तिनं चाखलं न्हाय. मी ष्ट्यांडवर भजी खाल्लती. आक्का पयल्या घासाला म्हणाली, आई, तुरट लागतंय गं. आई म्हणाली, दही जुनं असंल. तेवढ्यात आईचं तोंड उतरलं, ते आक्कानं बघितलं, आन् मग काय बोललीच न्हाय. सगळं खाल्लं. डबा बोटानं पुसून खाल्ला, आईला बरं वाटावं म्हणून! त्याच राती उलट्या. सोमशेखर सांगत हुता, थांबेचनात. पहाटं गाडी मिळाली, पण वाटेतच गेली. म्हैन्याभरानं न्हाय पावणं, त्याच राती. तापानं न्हाय. दूध संस्थेच्या फोनवर निरोप आला, मीच घेतला, मी एकटा गेलो. त्यांच्यात बसवून माती देतात, बसलेली आक्का बघितली मी, आन् येताना ठरवलं— आईला हे कळता कामा न्हाय. त्यो डबा घरातनं गुपचूप नेऊन हिरण्यकेशीत टाकला. घरी गप ऱ्हायलो. पुढच्या म्हैन्याला आई डबा बांधून निघाली, हसत, तवा यष्टीत सांगितलं, आक्का गेली, परवा, तापानं. ती म्हणाली, मागच्या खेपेला पोटभर जेवली रं. मी म्हणालो, व्हय आई.

एवढी वरसं मी हे एकट्यानं धरलं. सोमशेखर बी गेला. आन् आण्णा वारले त्या वरसी, हितं वर ऑफिसात, दादाला सांगितलं. पोटात मावत न्हवतं ओ. कुणाला सांगणार, सख्ख्या भावालाच की. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. डोळ्यात पाणी हुतं त्याच्या, खरं पाणी. आन् म्हणाला— मग? मला वाटलं, भाऊ इचारतोय. भाऊ न्हवता त्यो, संपादक इचारत हुता!

भांडलो की. पुस्तक वाचलं त्याच दिवशी जिना चढलो. म्हणालो, आईनं खून केला म्हणतोस? तर शांतपणानं म्हणतो, ज्ञान्या, डब्याची कल्हई गेली म्हणून माणूस मेलं, ह्यात दोष कुणाचाच न्हाय, वाचकाला पटत न्हाय ते. शेवट बोचला पायजे. मी म्हणालो, आन् आईच्या कानावर गेलं तर? ती अडाणी हाय, खुळी न्हाय. विष म्हटलं की तिला त्यो डबा आठवंल. तुरट लागतंय म्हणालेली आक्का आठवंल. तर काय म्हणाला म्हाईत हाय? म्हणाला, आईला वाचता येत न्हाय. एवढंच. चष्मा पुसत म्हणाला. त्या दिवसापासनं मी त्याच्याशी बोललो न्हाय, आन् त्यो ह्या दुकानात पाय ठेवत न्हाय. सख्खा भाऊ माझा. साखरेच्या कागदावरनं मला गोष्टी सांगायचा.

म्हणून म्हणतो पावणं, आत गेल्यावर जरा... घाम बघा किती आलाय, सदरा भिजला... फ्यान... ह्यो फ्यान कवा थांबला? तुमी मघा वर बघत हुता ते... लाईट गेली? कवा? आन् बोलला न्हाय तुमी? ...मीच बोलू दिलं न्हाय. थांबा. गप. टीव्ही कवापासनं...

आई?

आई, झोपलीयास? ...न्हाय गं, काय न्हाय, पुण्याचं पावणं आल्यात, त्यास्नी पुस्तकातलं सांगत हुतो. उदाच्या पुस्तकातलं. त्यात हाय गं तसं, मनानं लिवलंय त्यानं, डबा-बिबा, ते खरं न्हवं...

काय म्हणालीस? आक्का 'तुरट लागतंय' म्हणाली, ते बी लिवलंय का उदानं?

...न्हाय. मी वाचलं तवा न्हवतं त्यात.

पावणं, उठा. क्यामेरा घ्या तुमचा. न्हाय, आज न्हाय, उद्या बी न्हाय. चहा ऱ्हाऊ द्या. जाताना दार वढून घ्या.